गुरुवारचं घर

टोकियोतलं एदोगावा, गुरुवार. जेवणं आत्ताच आटोपली.

सासरे पुण्याहून इथे आल्यापासून जेवायला बसताना रोज विचारतात, "आज कोणता वार?" रोज! नाना विसरायला लागलेत, म्हणून मी इथल्या डॉक्टरची वेळही घेतली, दुभाष्यासकट. आज परत तेच. "गुरुवार, नाना, गुरुवार!" मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी अर्धीच पोळी घेतली. भाजी आवडली नसणार, माझं डोकं आणखी फिरलं.

त्यात लेकीचं, ईराचं, सुरू झालं. शाळेत तिला व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतल्या गरीब मुलांच्या शिक्षणावर निबंध लिहायचाय. एका गोष्टीतला अनाथ मुलगा शिकण्यासाठी लोकांच्या घरी जेवतो. "उसो!" ईरा म्हणाली. साफ खोटं, हे तिचं जपानीत. "रडवायला लिहितात. असं कोण शिकतं?"

नानांचा घास हातातच राहिला. मी ईराकडे डोळे वटारले.

"बोलू दे गं तिला," नाना म्हणाले. मग तिच्याकडे वळून, अगदी सहज, "मी वार लावून शिकलो, बाळा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या. सहा घरं मिळाली. गुरुवारचं काही मिळालं नाही."

 

म्हणजे ते विसरणं नव्हतंच. वार लावून जेवणं काय असतं, हे मला ठाऊक नव्हतं थोडंच? मग कसं सुचलं नाही?

अर्धी पोळी. इतक्या वर्षांनी, स्वतःच्या मुलाच्या घरी. आणि गुरुवार आहे, हे मी त्यांना ओरडून सांगितलं.