फुलं उलटी आली तरी चालतील

डाळ शिजली आहे, फोडणी तुम्ही द्या. भुसावळच्या खालाचा फोन आला होता. कात्री नेहमीच्या खिळ्यावर नाही. आज सातवीला समलंब चौकोन शिकवायचा आहे.

अब्बा, तुम्ही उठायच्या आत निघते, कारण मी बोलायला लागले की तुम्ही मशीन सुरू करता.

अम्मीच्या साडीत माझा बारा कळ्यांचा घागरा बसत नाही, असं तुम्ही महिनाभर सांगताय. बसतो. कळी कमरेला चार इंच, खाली वीस. बेरीज चोवीस, तिचे निम्मे बारा, गुणिले उंची, एवढंच तिचं क्षेत्रफळ. तुम्ही प्रत्येक कळीला वीस इंच धरता. एक सरळ आणि शेजारी एक उलटी ठेवली की अख्खा पदर उरतो.

निम्म्या कळ्यांवर साडीची फुलं उलटी येतील. "खाजा टेलर असलं काम करत नाही," हे मला पाठ आहे. या वेळी करा. दुसरं कापड आणू नका. रविवारी माझ्या निकाहला मला अम्मीचीच साडी अंगावर हवी आहे.

पदर तुमच्याकडेच ठेवा.

गोळी जेवणानंतर घ्या.

मिसबाह

पहिली कळी मी पहाटे कापली.