पडद्यावरून पुसलेलं लाल पिंप

चि. भिंगरीला आजीचे गालगुच्च्यासकट आशीर्वाद.

तू खुशाल असशीलच. मोठ्या जहाजावरचं जेवण अंगी लागत नसेल, हेही मी धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत. रोज भांडतो, त्यावरून ओळख. अक्षर बघून दचकू नकोस. आजवर मी सांगायचे आणि तुझे आजोबा लिहायचे (त्यांच्याविषयीचं तेवढं गाळायचे. मला वाचता येत नसलं तरी तासभर सांगितलेलं अर्ध्या पानात मावत नाही, एवढं कळतं). या खेपेला शेजारच्या शिंपीणबाई लिहितायत. त्यांचं मशीन आज बंद आहे, तोंड तेवढं चालू आहे. (हे लिहू नका हो.)

तर तू पाठवलेलं रडार पोचलं. खोकं उघडल्यावर आजोबांनी आधी माहितीचं पुस्तक घेतलं. ते हातभर लांब धरलं, मग आणखी लांब, शेवटी हात संपले. म्हणाले, "यात काही राम नाही. चाळीस वर्षं होडी चालवतोय, मला कोण शिकवणार?" आणि चढले केबिनच्या टपावर. तिथे वायरीसाठी एक जुनं भोक होतं. नवं भोक पाडायचा कंटाळा, म्हणून त्यांनी रडारचा तो पांढरा हंडा असा फिरवला की वायर बरोबर त्या भोकात उतरली. हंड्यावर एक बाण होता, तो होडीच्या नाकाकडे हवा होता. तो गेला शेपटाकडे. दुसऱ्या दिवशी आम्ही धक्क्यावरून निघालो, तर पडद्यावर धक्का पुढे आणि मोकळं पाणी मागे! आजोबा म्हणाले, यंत्र उलट्या काळजाचं आहे. मी म्हटलं, यंत्र गरीब आहे, त्याला उलटं बसवणारा बसलाय सुकाणूवर. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी भाजी आणायला गेले तेवढ्यात गुपचूप हंडा फिरवून आले, आणि जेवताना म्हणाले, "सुधारलं बरं का आपोआप."

आता गंमत ऐक. त्या पडद्यावर वाचायला जवळजवळ काही नाही. मधे आपण, भोवती गोल, आणि जिथे काही आहे तिथे ठिपका. ठिपका गोल ओलांडून आत यायला लागला की बाजूला व्हायचं. अगं, जन्मभर दुकानाच्या पाट्यांखालून मान खाली घालून गेले मी, आणि हे मला पहिल्या दिवशी वाचता आलं! तुझे आजोबा म्हणाले, "बघ, सातवी शिकलेला सुकाणूवर आणि अडाणी बाई यंत्रावर." मी म्हटलं, "शिकलेल्याला विचारावं लागतंय ना, पुढे काय आहे म्हणून?"

पण गर्वाचं घर खाली. लाटांचेही ठिपके उठतात, मधोमध, सांडलेल्या रव्यासारखे. ते घालवायला एक बटण आहे, तू फोनवर सांगितलं होतंस, थोडंच फिरव म्हणून. पण मला मेलीला घाण बघवत नाही. फिरवत गेले, फिरवत गेले, पडदा असा लख्ख केला की त्यावर जेवायला बसावं. डाळीतले खडे निवडताना डाळच टाकून दिली म्हण ना. कारण लाटांबरोबर खाडीच्या तोंडाशी वाट दाखवायला तरंगत ठेवलेलं ते लाल पिंपही पुसलं गेलं, आणि आम्ही धाडकन त्यावर जाऊन आदळलो. होडीला पोचा आला, आजोबांच्या कपाळाला टेंगूळ, आणि माझा डबा पाण्यात. आजोबा यंत्रावर ओरडले. मी म्हटलं, "यंत्राला बोलू नका, बटण मी फिरवलं, चूक माझी." धक्क्यावर सगळ्यांना मीच सांगितलं. अजून हसतात मला, हसू देत.

तेव्हापासून मी रोज होडीवर जाते. डबा आता दोरीला बांधते. मी म्हणते, "जरा डावीकडे." ते म्हणतात, "दिसलंय मला." आणि डावीकडे घेतात. आमचं उत्तम चाललंय. तू काळजी करू नकोस, पोटभर जेव, आणि ओले केस बांधत जाऊ नकोस.

तुझी,
आजी (अंगठा शिंपीणबाईंच्या निळ्या खडूचा)

ता. क. – एक राहिलं. पिंपावर आदळलो तेव्हा भर दुपार होती. धुकं नाही, पाऊस नाही, लख्ख ऊन. पिंप गाईएवढं, लालभडक. माझी मान पडद्यात होती, पण ते समोर बघत होते. अगदी समोर.

ता. क. दुसरा – म्हणून पत्र ते लिहीत नाहीत. मागच्या पत्राच्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, ते त्यांनी फाडलं आणि शाई वाईट आहे म्हणाले. पुढच्या महिन्यात खोल पाण्यात जायचं म्हणतायत, मोठ्या जहाजांच्या वाटेवर. त्याआधी सुट्टी काढून ये. सगळ्यांना सांग, आजीचे डोळे दाखवायला आलेय. माझे डोळे घारीचे आहेत, पण मी दोन-चार वेळा खांबाला धडकून दाखवीन. मला एकटीला डॉक्टरची भीती वाटते म्हटलं की ते सोबत येतीलच, आणि आलेच आहेत तर त्यांचेही तपासता येतील. होडी सोडा, असं मात्र त्यांना कुणी म्हणायचं नाही. तू तर नाहीच.

ता. क. तिसरा – लिहिता न येणाऱ्याचं हेच वाईट, गुपितसुद्धा मोठ्यानं सांगावं लागतं. मला न्यायला आलेले तुझे आजोबा केव्हापासून कोण जाणे, खिडकीखालच्या बाकावर बसून ऐकतायत. आता आत आलेत. शिंपीणबाईंना म्हणाले, "लिहा, कान शाबूत आहेत. आणि हिला म्हणावं, खांबाला धडकू नकोस, लागेल." आता माझा हात धरून विचारतायत, "दारापासून पायऱ्या किती गं?"

तीन आहेत. तू लवकर ये.