पन्हळीखालचा जोड

प्रिय वहिनी,

चार घरं पलीकडे राहणारा दीर पत्र लिहितो म्हणून हसाल. हसा. तोंडाने सांगायला या आठवड्यात तीनदा आलो आणि तिन्ही वेळा चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परतलो. कागदासमोर निदान नजर चुकवावी लागत नाही.

आधी माळांचं सांगतो. रविवारी लावल्या त्या सगळ्या नव्या आहेत, उघड्यावर चालतील अशा. जुनी एकही वापरलेली नाही. खिळे कुठेच ठोकले नाहीत, त्यांनी वायर सोलली जाते. पन्हळीला प्लॅस्टिकचे आकडे अडकवलेत. प्लग व्हरांड्यात, छपराखाली आहे. त्याच्याआधी वायर थोडी खाली लोंबती ठेवली आहे, ती कुणी ताणून सरळ करू नये. वरून ओघळलेलं पाणी तिथेच टपकून जातं, प्लगपर्यंत पोचत नाही. मीटरजवळ नवी खटकी बसवली आहे. कुठे जरा वीज गळली की ती आपोआप पडेल. पडली तर स्वतः वर करू नका, मला हाक मारा. किंवा मला हाक मारणं नको वाटलं, तर चौकातल्या दुसऱ्या वायरमनला बोलवा. त्याचं काम माझ्यापेक्षा चोख आहे. आणि आपली पोरगी बाळाला घेऊन आली की तिलाही बजावून ठेवा, माळा चालू असताना शिडीला हात लावायचा नाही.

दादाला हे असलं ऐकायचा भारी कंटाळा. चित्रकलेचा मास्तर तो; त्याला रंग दिसायचे, वायर दिसायची नाही. वर्षभर मुलांकडून कागदावर घरं काढून घ्यायचा आणि सणाच्या दिवसांत स्वतःचं घर रंगवायचा. पिवळे दिवे खिडक्यांवर, निळे छपराच्या कडेला, लाल कुठेच नाही, कारण लाल उजेडात माणसं रागावल्यासारखी दिसतात म्हणे. पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचा, ‘हा आमचा धाकटा. जाईल तिथे उजेड पाडतो.’ सगळे हसायचे, मीही हसायचो. मी पंधरा वर्षांचा असताना तुम्ही या घरात आलात. मी वायरमनचं काम शिकायला लागलो तेव्हा माझ्या हत्यारांसाठी जाड कापडाची पिशवी तुम्हीच शिवून दिली होती. ती अजून आहे, पण तीन वर्षांत मी ती उघडलेली नाही.

तीन वर्षांपूर्वी, दादा पडला त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने मला बोलावून घेतलं होतं. निळी माळ मधोमध तुटली होती. उघड्यावर राहणारा जोड पाणी शिरणार नाही अशा डबीत बंद करायचा असतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. डबी दुकानात होती, दुकान दहा मिनिटांवर. पण मला दुसऱ्या कामाची घाई होती. दोन्ही तारांची टोकं पिळून जोडली, वर कापडी टेप गुंडाळली. दादाने विचारलं, ‘एवढ्याने भागेल ना रे?’ मी म्हणालो, ‘न भागायला काय झालं? उद्या डबी बसवून देतो.’

दुसऱ्या दिवशी सकाळभर धुकं होतं, सगळं घर ओलं. दुपारी मी फाटकातून आत शिरलो तेव्हा डबी माझ्या खिशात होती. दादा खाली पडलेला होता. तुम्ही आत पाणी आणायला धावला होतात. माळ चालूच होती. मी प्लग उपटला. त्याच्या उजव्या तळव्यावर काळा डाग होता, टेपेच्या रुंदीचा. वर असताना एक हात पत्र्याच्या ओल्या पन्हळीवर असणार, दुसरा माझ्या जोडावर. मला सगळं तिथल्या तिथे कळलं. आणि तुम्ही बाहेर यायच्या आत मी माळ ओढून काढली, गुंडाळली आणि तुम्ही शिवलेल्या पिशवीत कोंबली. त्या दोन मिनिटांत दादाचं डोकं मांडीवर घ्यायचं होतं, वहिनी. ती मी माळेला दिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘कसे पडले?’ तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी म्हणालो, ‘शिडी सरकली.’ डोक्याला एवढा मार होता की हाताकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. चौथ्या दिवशी दादा गेला. माळ चालू ठेवून वर चढला ही त्याची चूक, असं मी तेव्हापासून मनाला समजावतो आहे. चूक होतीच. पण वर चढलेल्या माणसाची एखादी चूक पोटात घालता यावी, म्हणून तर ती डबी असते.

खोटं कशाला सांगू, हे मी जन्मभर गिळून बसलो असतो. पण रविवारी मी शिडी लावायला घेतली, तेव्हा तुम्ही फडकं घेऊन आलात आणि गुडघे टेकून फरशी पुसायला लागलात. कोरडीच होती ती. मी म्हणालो, राहू द्या. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘भाऊजी, त्या दिवशी सकाळी मी फरशी धुतली होती. पुसून घेतली असती तर शिडी सरकली नसती. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, हे तुमचे उपकार.’ मी तसाच वर चढलो आणि दिवे लावले. म्हणून हे पत्र. पोरगी शुक्रवारी येते आहे, त्याआधी ते तुमच्या हाती पडावं. तिला काय सांगायचं आणि मला पुन्हा दारात उभं करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. तुम्ही बोलावल्याशिवाय मी येणार नाही. एवढंच ध्यानात ठेवा, वहिनी, की शिडी सरकली नव्हती. मी आलो तेव्हा ती भिंतीला टेकून जागच्या जागी उभी होती.

अजून म्हणू द्याल तर, तुमचाच,
धाकटा