सलीमचाचांची गंधकाची काडी

४ फेब्रु. २००८, सोम.
ऑफिसातला बोर्ड क्र. ३, अमोनियाची गळती मोजणारा, सकाळी गप्प. शनिवारी रात्रीपासून एकही रीडिंग नाही. मी हात लावायच्या आतच सव्वाअकराला आपोआप जागा झाला, आणि काही घडलंच नाही अशा थाटात आकडे पाठवू लागला.
सर म्हणाले, बॅटरी सैल असेल. कंपनी त्यांची. पण बोर्ड चालवणारी ही ओएस जुन्या चिपवरून नव्या रेडिओवाल्या चिपवर आणली मी. बॅटरी सैल नव्हती.

६ फेब्रु., बुध.
सापडलं, बहुतेक. बॅटरी वाचवायला बोर्ड झोपतो, झोपण्याआधी गजर लावतो. लावता लावताच ती वेळ टळली तर जुनी चिप लगेच उठायची. नवी उठत नाही. वेळ मोजणारा काउंटर पूर्ण फेरा मारून पुन्हा त्याच आकड्यावर येईपर्यंत झोपते. दीड दिवस! क्वचितच होतं, म्हणून चाचणीत दिसलं नाही.
असलेच बोर्ड सिन्नरच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, थंडाव्यासाठी अमोनिया फिरतो त्या पाइपांवर आहेत. महिना झाला.

७ फेब्रु., गुरु.
अजून एक आहे, ते कुणालाच माहीत नाही. डेमोत रेडिओ मधेच तुटायचा, स्क्रीनवरचा दिवा लाल व्हायचा. सर वैतागले, "गिऱ्हाइकासमोर लाल नको." मी एका ओळीत सोय केली: नवं रीडिंग आलं नाही तर शेवटचंच दाखवत राहा. डेमो झाल्यावर काढणार होते. राहूनच गेलं.
म्हणजे बोर्ड झोपला तरी सिन्नरला दिवा हिरवाच.
सरांना गजराचं सांगितलं. "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू." त्या ओळीचं मात्र सांगितलं नाही. भित्री आहे मी.

८ फेब्रु., शुक्र.
सिन्नरला फोन. सलीमचाचा तिथले ऑपरेटर. वीस वर्षं अमोनियात काढून नाक गेलंय, वास म्हणून येत नाही. म्हणून रोज सकाळी गंधकाची काडी पेटवून पाइपाच्या एकेका जोडाजवळून फिरवायचे. गळती असली की पांढरा धूर. बोर्ड बसवायला गेले तेव्हा केवढ्या कौतुकाने दाखवलं होतं मला.
"चाचा, काडी फिरवता ना रोज?"
"आता कशाला ताई? तुमचं मशीन हाय ना. काड्या संपल्या, पुन्हा केल्याच नाय."
मी गंधक घेऊन येते, एवढंच म्हणाले.

९ फेब्रु., शनि.
मेन रोडवरून गंधक घेतलं, एसटीने सिन्नर. चाचांनी गंधक वितळवून त्यात सुतळी बुडवली, काड्या केल्या. मशीनरूममध्ये शिरल्यापासून माझे डोळे चुरचुरत होते. उग्र वासही होता. वाटलं, इथला नेहमीचाच.
पहिले चार जोड, काही नाही. पाचव्याशी पांढरा धूर. दाट.
भिंतीवर स्क्रीन. हिरवा दिवा.
चाचांनी धुराकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आधी व्हॉल्व बंद केला, मला हाताला धरून बाहेर आणलं.
"ताई, मी रोज इथंच जेवाया बसतो."
रागावले असते तर बरं झालं असतं. वर चहा पाजला मला.

१० फेब्रु., रवि.
सकाळीच सरांच्या घरी, गंगापूर रोड. ती ओळ सांगितली. एकदाची. सर ओरडले नाहीत. आत जाऊन वही घेऊन आले. जानेवारीत अजून चार कोल्ड स्टोरेजना बोर्ड दिलेत. मला पत्ताच नव्हता. कोड माझाच, त्या ओळीसकट.
फोन लावत बसलो. स्क्रीनवर विसंबू नका, जोड तपासा. तिघांनी ऐकलं. चौथं पिंपळगावचं. नुसती रिंग जाते.
सर म्हणाले, "रविवार आहे, बंद असेल." पण द्राक्षांचा सीझन चालू आहे. या दिवसांत कुठलं कोल्ड स्टोरेज बंद असतं? त्यांनाही ते माहीत आहे, कारण पुढच्याच मिनिटाला त्यांनी गाडी काढली.
गाडीतच लिहितेय, अक्षर हलतंय. दर पाच मिनिटांनी फोन लावते. रिंग जाते, कुणी उचलत नाही.
तिथेही दिवा हिरवाच असणार.