पूजेतली हार्ड डिस्क

मी, कु. द्वारका कोंडीराम पायगुडे, वय ४६, राहणार शनिवार पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. बुद्धी शाबूत आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असे माणूस आमच्या घरात जन्मले नाही.

१. घर भाड्याचे आहे. बँकेतील ठेवी माझा भाऊ इंद्रजीत यास. तो मोजून घेईलच.

२. कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या माझ्या तीन हार्ड डिस्क आहेत. घरचे फोटो व कागदपत्रे असलेली काळी डिस्क इंद्रजीतला. हा गृहस्थ हार्ड डिस्क रंग बघून विकत घेतो, आणि एकाच डिस्कवर एकाच फाइलला दोन नावे देऊन "ताई, बॅकअप झाला" म्हणतो. म्हणून त्या सर्वाची दुसरी प्रत निळ्या डिस्कवर आहे. ती त्याची मुलगी श्रद्धा हिने आपल्या होस्टेलवर ठेवावी आणि वडिलांना उसनी देऊ नये.

३. तिसरी, चंदेरी डिस्क २००९ पासून बंद आहे. तिच्यात आमच्या दिवंगत आईचे, कौशल्याबाईंचे, सहा तासांचे बोलणे होते. बहुतेक नातेवाइकांना नावे ठेवणे. पण आवाज तिचा होता. त्या वर्षी खंडेनवमीला पाटावर कात्री, इस्त्री, स्क्रूड्रायव्हर यांच्याबरोबर ही डिस्कही मांडली. भावजय शेफालीने हळदकुंकू वाहिले, ते वायर जोडायच्या खाचेत गेले. संध्याकाळी डिस्क उघडेना.

मी सर्वांदेखत म्हणाले, "इंजिनिअर ना गं तू? का डिग्री पूजेत मिळाली?"

इंद्रजीत हसून म्हणाला, "जाऊ दे ताई, तिला कुठली अक्कल!"

शेफाली त्यानंतर सहा वर्षे माझ्याकडे आली नाही.

४. खरी गोष्ट अशी. दोन दिवस आधी हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये डिस्क माझ्या मांडीवरून पडली होती. त्याच संध्याकाळपासून ती टकटक वाजत होती. मी ते ऐकले, आणि पूजेत मीच मांडली. देव दुरुस्त करील म्हणून, की कोणीतरी दोषी सापडेल म्हणून? हे वाक्य दोनदा खोडले. उत्तर मला अजून ठाऊक नाही. ऑफिसात चारशे लोकांना दोन प्रती ठेवायला सांगणारी बाई मीच. माझ्याकडे एकच होती.

५. गेल्या रविवारी शेफाली आली. टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला.

"सासूबाईंची चाळीस मिनिटं माझ्या कॉम्प्युटरवर होती."

"आणि सहा वर्षं दिली नाहीस?"

"आधी ऐका तरी."

एकतिसाव्या मिनिटाला आई म्हणते, "आमची द्वारका हुशार हो. पण हातून काही फुटलं, की आधी घरात कोण कोण आहे ते बघते."

शेफालीने विचारले, "चहा टाकू?"

६. ती चाळीस मिनिटे आता काळ्या आणि निळ्या, दोन्ही डिस्कवर आहेत. चंदेरी डिस्क कुंकवासकट शेफालीला. तिने वाटेल तिथे फेकावी. माझ्या तेराव्याला कलम ४ इंद्रजीतने सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, मध्ये हसू नये.

७. शेफालीची माफी तोंडाने मागायला उद्याचा दिवस हातात आहे. मला जमेल याची खात्री नाही. म्हणून ही दुसरी प्रत.

आमच्यासमोर वाचून सही केली:
उत्तरेश्वर भालेघरे, शेजारी
अपेक्षा वांजळे, सहकारी

(सही) द्वारका कोंडीराम पायगुडे
पुणे, ९ जून २०१५