जोडीतला एक गोंडा

माय, तामसीच्या बाजारात तू मिरच्या-लसणाची पाटी घेऊन बसायचीस ना, तिथून चार हात सोडून गेल्या बाजारी माझ्या पोरीने बैलांचे लोकरीचे गोंडे मांडले. तू तिला पाहिलं नाहीस; सात वर्षांची आहे. तिच्या मास्तरांनी पालकांना बोलावून सांगितलं, की मुलांना लहानपणीच स्वतःचा छोटा धंदा करू द्या, नफा-नुकसान त्यांचं त्यांना कळू द्या. मी सगळ्यांच्या मागे बसून ऐकलं आणि आधी हेच मनात आलं, की यात मास्तरांचं काय? बाहेर आल्यावर दोघांना विचारलंही, लोकरीचं दुकान मास्तरांच्या कोण्या पाहुण्याचं आहे का. नव्हतं. ही सवय तुझीच. नोट उजेडात धरून पाहिल्याशिवाय तू कनवटीला लावायची नाहीस. पण आज लिहायला बसलो ते मास्तरांवरच्या संशयापायी नाही, तुझ्यावरच्या.

तू मला बाजारात बसवलंस तेव्हा मीही एवढाच होतो. पोळा जवळ आला होता. तू लोकरीच्या लडी माझ्यापुढे टाकल्यास आणि म्हणालीस, "हे तुहं दुकान." लाकडी पट्टीवर लोकर गुंडाळायची, मधोमध आवळून बांधायची, कडा कापून गोंडा गोल करायचा. बैलाच्या गळ्यात एक, म्हणजे जोडीला दोन, आणि दोन्ही एकाच लडीचे. रंगात जरा फरक दिसला तर शेतकरी हात लावत नाही. बाजार उठल्यावर लोकरीचे म्हणून तू निम्मे पैसे कापून घेतलेस आणि घरी जाताना त्याच पैशांतून तेल घेतलंस. हे मी पाहिलं. तू मला धंदा शिकवत होतीस, की माझ्या हातून घर चालवत होतीस? तू गेल्यावर शाळा सुटली, आदिलाबादला कापडाच्या दुकानात लागलो. तिथे मालकाचा पोरगा गल्ल्यावर बसला की सगळे कौतुक करतात. आपल्यातलं पोर पाटी घेऊन बसलं की लोक हळहळतात. म्हणून हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पोरीला बसवताना तो जास्तच टोचतो.

त्या बाजारातली दुपार मला अजून दिसते. एक म्हातारा माझ्यासमोर उकिडवा बसतो, लाल जोडी उचलून उलटीपालटी करतो.

"यातला एकच दे, बापू."

"जोडी हाय, आबाजी."

"माहा बैलच एक हाय. दुसरा गेला ना औंदा."

मला ते खरं वाटत नाही. हा एक घेऊन जाईल, आणि बाजार उठता उठता येऊन उरलेला फुकटात मागेल. मी तुझ्याकडे वळून ओरडतो, "माय व, हा एकच मांगून राह्यला!"

तू मान वर न करता लसूण निवडत राहतेस. "मंग मले काऊन इचारतं? दुकान कोनाचं हाय?"

"पन जोडी फुटते ना!"

"फुटते त फोड. नाही त नको फोडू."

शेजारची बांगडीवाली हसते. "लय कडक शेठानी हाय व तू!"

मी रडकुंडीला आलो होतो. शेवटी एक दिला, आणि तो निघाल्यावर त्याच्या मागे मागे निघालो, बैल खरंच एकच आहे का ते पाहायला. तेव्हा मात्र तू उठलीस आणि दंडाला धरून मला मागे ओढलंस. "गिऱ्हाइकाच्या गोठ्यापर्यंत जाशीन काय? देलं ना? बस मंग." उरलेला लाल गोंडा कोणी घेतला नाही. म्हाताराही परत आला नाही. त्याचा दुसरा बैल खरंच गेला होता का, मला आजही माहीत नाही. तुझ्याबद्दल मात्र मी ठरवून टाकलं, की तुला तुझ्या लसणाचं पडलं होतं.

गेल्या बाजारी एक पोरगा मोटारसायकलवर आला. त्याला हँडलला बांधायला एकच गोंडा हवा होता. पोरगी माझ्याकडे वळली, "बाबा, हे एकच..." तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी म्हणालो, "एक मिळत नाही. जोडीच घ्या." तो निघून गेला. तिने हातातला गोंडा खाली ठेवला. "मी देनार होती. मंग आता तुमीच बसा न!" असं म्हणून ती गोणीवरून उठली आणि तोंड फिरवून बाजूला बसली. त्या दिवशी तिने पुन्हा मालाला हात लावला नाही.

एवढं एक तोंड बंद ठेवणं मला जमलं नाही, माय. तुला कसं जमलं? आता मला आठवतं, की निवडून ठेवलेलाच लसूण तू पुन्हा निवडत होतीस. पण हे खरंच आठवतं, की माझ्या सोयीने मी आज ते रचलं, याचीही मला खात्री नाही. तेलाचं तर मी अजून विसरलेलो नाही.

उद्या पोळ्याआधीचा शेवटचा बाजार. पुष्कळ मनधरणी केल्यावर पोरगी पुन्हा मांडायला तयार झाली, पण एका अटीवर: मी बसस्टँडवरच थांबायचं. गोंडे बांधून द्यायला तिला कागद हवे आहेत. कोरी पानं फाडायला माझा जीव होत नाही, म्हणून तुला लिहिलेले हेच देणार आहे. लिहिलेली बाजू आत ठेव, असं तिला बजावलं आहे. आणि बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीआडून तिची जागा दिसते का, ते मी आज संध्याकाळीच जाऊन पाहून आलो. दिसते.