न्येपीच्या दिवशीचा पहिला घास

प्रिय सलमा,

हेकरू माशाची पिल्लं पंचेचाळीस दिवसांत बोटाच्या पेराएवढी झालीत. आता बारीक केलेला जवळा खातात, आणि तो टाकायला जरा उशीर झाला की मोठी धाकट्यांना गिळतात. दिवसाआड निवडून वेगळी करताना माझी कंबर मोडते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लुह, अगदी तुझ्या सासरच्यांवर गेलीत गं."

ही जगली ती तुझ्यामुळे. अंडी आणताना मी पंचांग पाहिलंच नाही, आणि पिल्लांचा तिसरा दिवस नेमका न्येपीवर, आमच्या वर्षारंभीच्या मौनाच्या दिवसावर आला. दिवा नाही, चूल नाही, उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. टाक्या किनाऱ्यावर, मी घरात तापलेल्या बाळाजवळ, आणि नवरा सुदर्ता गावाच्या पहाऱ्यावर. लोकांना घरात बसवणारा सुदर्ताच टाकीवर कसा जाणार? तिसऱ्या दिवशी त्यांची तोंडं उघडतात, पोटातला बलक संपत येतो. डोळ्यांसमोर हलणारं काही आलं नाही तर ती खातच नाहीत, मरतात. ही टाकी गेली असती तर बाळाला मागे ठेवून मला पुन्हा हॉटेलात चादरी बदलायला जावं लागलं असतं.

आदल्या संध्याकाळी तू डबा घेऊन आलीस आणि टाकीच्या खोलीत दार लावून बसलीस. "मौन तुमचं, माशांचं नाही. आणि मी तरी कुठे बाहेर पडतेय?" एवढंच बोललीस. उजाडल्यापासून मावळेपर्यंत रोटिफर, ते ठिपक्याएवढे हलते जीव, सोडत राहिलीस, पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरून ते किती उरलेत बघत राहिलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तर पिल्लांची पोटं भरलेली होती आणि तू पोत्यावर झोपली होतीस. तुझ्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, कारण नजरेला नजर देता येत नव्हती.

गेल्या वर्षीच्या टाकीतली पिल्लं तुझ्या हातून मेली नाहीत, सलमा. नवी पिल्लं पाण्याच्या वरच्या थराला चिकटून मरू नयेत म्हणून तेलाचे थेंब सोडायचे असतात, ते मी विसरले होते. सुदर्ताने तुला कामावरून काढलं तेव्हा मी भात वाढत होते, गप्प. आणि तुला ठाऊक होतं. न उघडलेली तेलाची बाटली जाताना तूच, कुणाला दिसू नये म्हणून, फडताळात मागे सरकवून ठेवलीस. तरीही न्येपीला आलीस. काल जेवताना मी सुदर्ताला सगळं सांगून टाकलं. तो ताटावरून उठला. आज सकाळी म्हणाला, "रविवारी मी जातो तिच्याकडे, माफी मागायला." त्याच्याआधी माझी माफी पोचावी म्हणून हे पत्र.

तुझीच,
लुह